तगरपूर सोडून गेलेली माणसे

उत्तर कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार राजांचे ताम्रपट वाचू लागले की सुरुवातीलाच बिरुदांची लांबलचक माळ भेटते. त्या माळेत एक बिरुद ठरलेले असते : 'तगरपुरवराधीश्वर', म्हणजे तगर या श्रेष्ठ नगराचा स्वामी. ठाण्याहून राज्य करणारी उत्तर कोकणची शाखा, दक्षिण कोकणची शाखा आणि कोल्हापूर-पन्हाळ्याची शाखा अशी शिलाहारांची तीन घराणी होती. त्यांचे प्रदेश वेगळे, वंशावळी वेगळ्या, इतिहासही वेगळे. तरी तिघांनीही तगरपुराचे नाव सोडले नाही. नवव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत, म्हणजे सुमारे चारशे वर्षे, हे नाव कोकणात आणि कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात तांब्याच्या पत्र्यांवर आणि शिळांवर कोरले जात राहिले.

हे तगरपूर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले, तेरणा नदीच्या काठचे आजचे तेर.

या बिरुदात ध्यानात घेण्यासारखी एक गोष्ट आहे. ज्या काळात शिलाहार स्वतःला तगरपुराचे अधीश्वर म्हणवीत होते, त्या काळात तगरपूर त्यांच्या ताब्यात नव्हते. तो मुलूख आधी राष्ट्रकूटांचा होता आणि नंतर कल्याणीच्या चालुक्यांचा. शिलाहार हे बहुतेक काळ याच सत्तांचे मांडलिक. म्हणजे बिरुदातले नगर हे त्यांचे राज्य नव्हते, ती त्यांच्या पूर्वजांनी सोडलेली जागा होती. सोडलेल्या गावाचे नाव एखादे घराणे चारशे वर्षे का मिरवते, असा प्रश्न पडतो.

हा प्रश्न आम्हाला केवळ पुराभिलेखांच्या कुतूहलापोटी पडत नाही. तेर, ढोकी, कळंब, परंडा, तुळजापूर या परिसरातून शिक्षणासाठी किंवा पोटासाठी पुण्या-मुंबईला आलेल्या आम्हा माणसांचा गावाच्या नावाशी असलेला व्यवहार शिलाहारांच्या अगदी उलट आहे. 'कुठले तुम्ही?' या प्रश्नाला आमच्यातले अनेक जण 'सोलापूरकडचे' असे उत्तर देतात. ते खोटे नसते. सोलापूर जवळच आहे. पण सोलापूर हे पूर्वीच्या मुंबई इलाख्यातले, गिरण्यांचे, समोरच्याला माहीत असलेले गाव. ते नाव घेतले की पुढचे प्रश्न टळतात. मराठवाडा म्हटले की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक सहानुभूती उमटते, दुष्काळ आणि टँकर यांची चौकशी होते, आणि मग कौतुक म्हणून ते परिचित वाक्य येते : 'तुमच्या बोलण्यावरून वाटत नाही हो!' ज्याचे बोलणे वाटण्यासारखे असते, त्याला हे कौतुकही मिळत नाही. एकाच भूभागाचे नाव एका काळी बिरुद होते आणि दुसऱ्या काळी ते लपवावेसे का वाटते, हे इतिहासात जाऊन पाहिले पाहिजे.

तेरची थोरवी दंतकथेतली नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी वाटाड्या-ग्रंथात दक्षिणापथातील दोन व्यापारी नगरे आवर्जून सांगितली आहेत : पैठण आणि तगर. भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर. तगरहून साधे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि पूर्वेच्या किनाऱ्याकडून आलेला माल बैलगाड्यांत भरून, धड वाटा नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून भडोचला जाई, असे तो लेखक नोंदवतो. दुसऱ्या शतकातला टॉलेमीही तगरची नोंद करतो. पुढे ६१२ सालच्या, दुसऱ्या पुलकेशीच्या हैदराबाद ताम्रपटात दान स्वीकारणारा ब्राह्मण तगरचा रहिवासी आहे. कापूस पिकवणाऱ्या काळ्या जमिनीतले, कोष्ट्यांचे आणि गाडीवानांचे हे नगर पाच-सहाशे वर्षे तरी नावारूपाला होते.

१९५८ साली बा. ना. चापेकरांनी येथे उत्खनन केले, त्यानंतरही उत्खनने झाली. त्याआधी आणि त्याबरोबरच आणखी एक काम शांतपणे चालले होते. रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्याच गृहस्थाने पांढरीच्या टेकाडांवर पावसाने उघड्या पडणाऱ्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. त्यांच्या नावाने तेरमध्ये आज शासकीय वस्तुसंग्रहालय उभे आहे. मणी, नाणी, रोमन घाटाचे मातीचे दिवे, पांढऱ्या मातीच्या साच्यातल्या सुबक मूर्ती आणि एक हस्तिदंती स्त्रीप्रतिमा हे त्यातले काही. ही हस्तिदंती प्रतिमा पाहिली की इटलीतल्या पाँपेईची आठवण अपरिहार्य ठरते. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या शहरात १९३८ साली अशीच एक भारतीय हस्तिदंती प्रतिमा मिळाली, आणि ती तेर-भोकरदन या परिसरातूनच गेली असावी असे मत अभ्यासकांनी मांडले आहे. सापडताच ती 'लक्ष्मी' ठरली. पुढे अनेक अभ्यासकांनी ती यक्षी असावी असे दाखवून दिले. तरी 'पाँपेईची लक्ष्मी' हेच नाव रूढ आहे. दूर गेलेल्याची ओळख तिथल्या लोकांना आधीपासून ठाऊक असलेल्या नावांतून ठरते, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या प्रतिमेलाही चुकले नाही.

इतके मोठे नगर, पण त्याचे ठिकाण मात्र विद्वानांना दीर्घकाळ गवसले नाही. एकोणिसाव्या शतकात तगर कोणी दौलताबादला शोधले, कोणी कोल्हापूरला. पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते जुन्नर मानले, तर रा. गो. भांडारकरांनी धारूर सुचवले. अखेर १९०१ साली जॉन फेथफुल फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असे सिद्ध केले. तगर, तयर, तेर हा ध्वनिबदल मराठीच्या कानाला नवा नाही. 'नगर'चे 'नेर' होऊन जामनेर, अमळनेर, संगमनेर ही नावे याच रीतीने बनली आहेत. त्याच वर्षी पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स तेरला आले. गावातले त्रिविक्रमाचे विटांचे, पाठीमागे अर्धगोल असलेले मंदिर हे मुळात बौद्ध चैत्यगृह असावे, हे त्यांनी ओळखले. म्हणजे जे नाव गावकऱ्यांच्या तोंडात रोज होते आणि जी वास्तू त्यांच्या रोजच्या पूजेत होती, त्यांची ओळख पटायला विसावे शतक उजाडावे लागले. विद्वत्तेची जी केंद्रे होती, त्यांच्या नकाशावर तेर नव्हतेच.

आता शिलाहारांकडे वळू. त्यांनी आपला वंश जीमूतवाहन विद्याधराशी जोडला होता. गरुडाचे भक्ष्य होण्यासाठी शिळेवर स्वतःचा देह ठेवणारा तो जीमूतवाहन. त्यावरूनच शिळेवरचा आहार, शिलाहार. विद्याधरांचा आणि तेरचा संबंध आणखी एका ठिकाणी येतो. मुनी कनकामर यांच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात तेरापूरची आणि धाराशिवच्या लेण्यांची कथा आहे. नील आणि महानील हे विद्याधर बंधू शत्रूकडून पराभूत होऊन उत्तरेतून परागंदा झाले आणि तेरापूरला येऊन त्यांनी राज्य वसवले, असे ती कथा सांगते. कथेला इतिहास मानण्याचे कारण नाही. पण तेरच्या परंपरेने आपले आद्य राजे निर्वासित म्हणून रंगवले, ही गोष्ट बोलकी आहे. बाहेरून हाकलले गेलेले येथे राजे झाले आणि येथून गेलेले दुसरीकडे राजे झाले, अशी ही साखळी आहे.

ठाण्याच्या किंवा पन्हाळ्याच्या शिलाहारांना 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेण्यात संकोच वाटण्याचे कारण नव्हते, कारण कोकणात किंवा करवीरात त्यांना 'तुमच्याकडे असे बोलतात का?' म्हणून विचारणारा कोणी नव्हता. दंड त्यांच्या हाती होता. सत्ताधाऱ्याचे परकेपण कुलीनता ठरते आणि पोटार्थ्याचे परकेपण गावंढळपणा. भडोचला मलमलीच्या गाड्या हाकणाऱ्या तगरच्या गाडीवानाने तिथल्या बाजारात आपले गाव कोणत्या सुरात सांगितले असेल, हे कोणत्याही ताम्रपटात नाही. आमचे खरे पूर्वज शिलाहार नसून तो गाडीवान आहे.

तेरच्या मुलखाचे नाव उतरले ते नेमके केव्हा, याचे एक उत्तर एकोणिसाव्या शतकात आहे. १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश मुंबईत छापला गेला, १८५७ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली. मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली शाळांच्या पुस्तकांची भाषा घडली. छापखाने, शाळाखाते, वृत्तपत्रे आणि परीक्षा या यंत्रणेतून जी मराठी 'शुद्ध' ठरली, ती पुण्याच्या सुशिक्षित वर्गाच्या बोलण्याला जवळची होती. ही सारी यंत्रणा मुंबई इलाख्याची. निजामाच्या राज्यातले मराठी जिल्हे तिच्या बाहेर राहिले. तिथे दरबारी भाषा आधी फारसी होती, १८८० च्या दशकात उर्दू झाली. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातले उच्च शिक्षण उर्दूतून होते. मराठी मुलाला मराठीतून शिकवणारी शाळा काढणे हे तिथे राजकीय धाडस होते. धाराशिव जिल्ह्यातल्या हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ साली अशाच धाडसातून उभी राहिली. तिचे मुख्याध्यापक झालेले व्यंकटेश खेडगीकर, म्हणजेच पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, हे मूळचे विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचे. मराठवाड्याच्या मुक्तिलढ्याचा नेता बाहेरून आलेला होता आणि तो कुठला, हे कोणी त्याला विचारीत बसले नाही.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. १९५३ चा नागपूर करार, १९५६ चे द्विभाषिक, १९६० चे महाराष्ट्र राज्य या टप्प्यांनी मराठवाडा महाराष्ट्रात आला. विद्यापीठ मिळाले १९५८ मध्ये. मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेला तोवर एकशे एक वर्षे झाली होती. म्हणजे एका राज्यात दोन भाऊ एकत्र आले तेव्हा एकाच्या हातात शंभर वर्षांची छापील मराठी होती आणि दुसऱ्याच्या तोंडात जिवंत, पण न छापलेली मराठी. पहिल्याने आपल्या मराठीला 'मराठी' म्हटले आणि दुसऱ्याच्या मराठीला 'बोली'. पुढे १९८४ साली दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, शिक्षण यांतला प्रादेशिक अनुशेष आकड्यांनी मांडला. भाषेच्या प्रतिष्ठेतला अनुशेष मात्र कोणत्याही समितीच्या कार्यकक्षेत बसणारा नव्हता.

यातला विरोधाभास मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला सहज दिसेल. ज्ञानेश्वरांचे घराणे पैठणजवळच्या आपेगावचे. नामदेवांचे कूळ नरसीचे, जनाबाई गंगाखेडच्या, एकनाथ पैठणचे, रामदास जांबचे, मुकुंदराज आणि दासोपंत यांची स्मृती अंबाजोगाईची. ज्या गोदाकाठच्या भाषेत मराठी ग्रंथरचनेने बाळसे धरले, त्याच काठचा विद्यार्थी 'मी जायलोय' म्हणाला की वर्ग हसतो. 'जातो आहे' आणि 'जायलोय' यांत व्याकरणाच्या दृष्टीने उच्चनीच काही नाही. चालू क्रिया दाखवण्याच्या त्या दोन रीती आहेत. आमच्या बोलण्यातले उर्दूचे मिश्रणही असेच हिणवले जाते. पण देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. दख्खनी उर्दूतले 'नक्को' हे मराठीचे 'नको' आहे, आणि ते बोलणाऱ्या हैदराबादी माणसाला लखनौ-दिल्लीच्या उर्दूने तसेच हसून घेतले, जसे पुण्याने आम्हाला. आणखी एक गंमत अशी की, मुंबई इलाख्यातला 'मामलेदार' आज कागदोपत्री उरलेला नाही. साऱ्या महाराष्ट्रात आता 'तहसीलदार' आहे. हा शब्द हैदराबाद संस्थानातल्या आणि विदर्भातल्या कारभाराचा. पुण्याचा माणूस आज दाखल्यासाठी तहसील कचेरीत जातो तेव्हा त्या शब्दाला कोणी 'निजामी' म्हणत नाही. शासनाने स्वीकारला की शब्दाचे परकेपण संपते.

येथवरची मांडणी वाचून मराठवाड्याचा वाचक सुखावेल. पण एवढ्यावर थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. परके होण्यासाठी दर वेळी गाव सोडावे लागते असे नाही. १९४८ च्या आधी रझाकारांच्या अत्याचारांनी मराठवाड्यातली असंख्य हिंदू कुटुंबे घरे सोडून सरहद्दीपलीकडच्या छावण्यांत गेली. पोलीस कारवाईनंतर सूड उगवला गेला तो सामान्य मुसलमानांवर. केंद्राने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने संस्थानभरातील मृतांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार असा दिला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव घेतले. तो अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला. पिढ्यान्‌पिढ्या तेरणाकाठी राहिलेली माणसे त्या महिन्यांत, घराचा उंबरा न ओलांडता, परकी झाली.

तीस वर्षांनी, १९७८ च्या जुलैत, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यातल्या गावोगावी दलितांची घरे जाळली गेली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांत 'अस्मिता' या शब्दाचा जो उच्चार झाला, त्यात मराठवाड्याने पुण्या-मुंबईकडून सोसलेल्या उपेक्षेचा हवाला वारंवार दिला गेला. स्वतःवरच्या अन्यायाची जाणीव माणसाला दुसऱ्याविषयी आपोआप हळवी करते, हा समज या इतिहासापुढे टिकत नाही. शहरात बोलीवरून हिणवला गेलेला माणूस गावी परतल्यावर वेशीबाहेरच्या वस्तीशी कसा बोलतो, यावर त्याच्या तक्रारीचे वजन ठरते.

तेर हे शिलाहारांपेक्षा गोरोबाकाकांचे गाव म्हणून महाराष्ट्राला अधिक ठाऊक आहे. संतमेळ्यातील कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे, हे थापटण्याने पारखण्याची कथा सर्वांना माहीत आहे. त्या कथेतल्या अधिकाराच्या वाटपाकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. पारखणारा कुंभार आहे, आणि ज्यांच्या डोक्यावर तो थापटणे ठेवतो त्यांत ब्राह्मण कुळातली भावंडेही आहेत. कच्चे ठरतात ते विठ्ठलाचे लाडके, सर्वांत लोकप्रिय नामदेव. कूळ, कीर्ती, जवळीक यांपैकी काहीही न पाहता केवळ आतला नाद ऐकणारी ही कसोटी आहे. परंपरा सांगते की नामदेव तिथून औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले, आणि पुढे फार दूर, पंजाबात. मराठी मातीतल्या या शिंप्याची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि पंजाबातल्या घुमान गावाने त्यांची स्मृती आजवर राखली आहे. तिथे त्यांच्या पदांची भाषा शुद्ध आहे का, असे कोणी विचारले नाही.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ख्रिस्ती धर्मगुरू मराठी संमेलनाचा अध्यक्ष कसा, असा आक्षेप काहींनी घेतला, विरोधही केला. संमेलन मात्र पार पडले. ज्या उत्तर कोकणात तगरपुराचे नाव चारशे वर्षे बिरुद म्हणून कोरले गेले, तिथला एक मराठी लेखक तगरपुराच्या जिल्ह्यात अध्यक्ष म्हणून आला, आणि ज्यांना स्वतःच्या मराठीबद्दल नेहमी खुलासा द्यावा लागतो अशा लोकांनी त्याच्या मराठीपणाचा खुलासा मागितला नाही. या योगायोगाकडे तेव्हा फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

पुढे २०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. नावे सरकारी आदेशाने बदलतात. त्यांचे वजन मात्र ती उच्चारणारी माणसे ठरवतात. तगरपूर पूर्वी मोठे होते, हा पुरावा पुढे करून आजचा मान मागणे आम्हाला गौण वाटते. ज्या गावाला दोन हजार वर्षांचा ताम्रपट नाही, तिथल्या मुलानेही आपल्या बोलीत बोलावे आणि हसू ऐकू येऊ नये, हे खरे मागणे आहे. आणि ते मागणे तेरच्या वेशीच्या आत जितके मान्य होईल, तितकेच ते पुण्यात मागण्याचा अधिकार आम्हाला राहील.